मिठाचा पांढरा

म्हापशात, शुक्रवारच्या बाजाराच्या मागच्या अंगाला,
रुझार दिमेलोच्या काउंटरवर दोन कॅमेरे.
दोघेही काळे, दोघांचा सेन्सर एकाच मापाचा,
किमतीत फरक जेमतेम स्कूटरच्या एका हप्त्याचा.

एक लहान, लेन्स पोटाशी घट्ट धरून बसलेला,
जीन्सच्या खिशात मावतो, जरा कुरकुरत.
दुसरा मिररलेस. त्याची मान पिळली
की लेन्स सुटून हातात येते
आणि आत सेन्सर, उघडा, ओलसर वाटणारा,
डॉक्टरनं खालची पापणी ओढून पाहावी तसा.

"दोघांत तसा काहीच फरक ना, बाय," रुझार म्हणाला
आणि पुढचा अर्धा तास फरकच सांगत राहिला.

मी आठ दिवस तक्ते वाचून आले होते.
हा तीनशे ग्रॅम, तो लेन्ससकट पाचशेच्या वर.
ह्याची बॅटरी लवकर मान टाकते,
त्याला पुढेमागे दुसरी लेन्स लावता येते
(पैसे पुढेमागे आले तर).
दोघेही डोळा शोधून फोकस धरतात म्हणे,
माणसाचा, मांजराचा, उडत्या खंड्याचासुद्धा.

मिठाला डोळे नसतात.

पिशवीतून कागदाची पुडी काढली
आणि त्याच्या काळ्या रबरी चटईवर उपडी केली.
आगरवाड्याचं मीठ, गोकुळदासमामाच्या आगरातलं,
जाडं, किंचित ओलं, एका खड्यात चिखलाचा तीळ.
"ह्याचा फोटो काढायचा," मी म्हटलं. "दोघांनी."
रुझारनं चष्मा कपाळावर चढवला.
दुकानात येऊन लोक लग्नाचं बोलतात,
बारशाचं, दूधसागरचं.

मागचा कॅमेरा त्या आगरातच गेला.
तीन मोसम त्यानं मीठ खाल्लं,
चौथ्या मोसमात शटर उघडेना.
खाल्ल्या मिठाला जागला नाही,
की खाल्लं म्हणूनच झोपला, कोण जाणे.

लहान्यानं मिठाची राख केली.
मोठ्यानं निळसर, फ्रीजमधल्या बर्फासारखं.
दोघांना वाटलं, जगात इतकं पांढरं असू नये,
आणि दोघांनी आपापल्या परीनं ते खाली ओढलं.
मी एक्स्पोजर एक पायरी चढवलं, मग अजून थोडं.
तेव्हा कुठं मार्चमधली दुपार दिसायला लागली,
मामा फळी ओढतो आणि ढिगाकडे
नुसतं बघूनसुद्धा डोळ्यांत पाणी येतं, ती.

पुढच्या मोसमात तीनच वाफे राहतील.
बाकीच्यांत कोळंबी सोडायची ठरलंय.
मामा त्यावर बोलत नाही, बांध लिंपतो.
बांध वीतभर रुंद, एका हातात चप्पल,
खाली खारं पाणी, वर खारा वारा.
तिथं उभं राहून लेन्स बदलायची म्हणजे
उघड्या जखमेवर.

रुझारला मी हे सगळं सांगितलं नाही.
"लहान दे," म्हटलं.
तो जरा हिरमुसला, मोठ्यावर त्याला चार पैसे सुटत होते.
बिल लिहिताना हात लांबवून
चटईवरचा एक खडा उचलून त्यानं जिभेवर ठेवला.
"आगरवाडो," म्हणाला. "नेरूलचें न्हय."
कुठलाच तक्ता न बघता.

उरलेलं मीठ झाडून टाकशील का, मी विचारलं.
त्यानं ते पोस्टकार्डानं गोळा करून
फिल्मच्या एका जुन्या डबीत भरलं,
झाकण टक्क लावलं, कप्प्यात ठेवलं.
दुपारच्या पेजेला होईल, म्हणाला.

बसमध्ये मी खिशातला कॅमेरा चाचपत होते.
ह्याला रोज एक पायरी वर चढवून सांगावं लागेल
की अरे, हे पांढरं आहे.
तो रोज विसरेल.
बसली मुठीतल्या रेघांत अजून मीठ होतं,
आणि नव्या कोऱ्या बटणावर, पहिल्याच दिवशी,
एक कण.