निळेझाक

सावद्याच्या वजनकाट्यावर माझी दुपारची पाळी.
केळीचा ट्रक येतो, हलतो, स्थिर होतो,
मी आकडा वाचते, पावती फाडते
आणि पुढचा ट्रक येईस्तोवर
अमळनेरच्या हितेंद्रशी बोलते.
त्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर तो
लोकांना लहान लहान अक्षरं वाचायला लावतो
आणि मला मोठमोठी पाठवतो.

तो म्हणे, काय करी राह्यनी?
मी म्हणे, काय करू, बसेल हाये.
त्याच्यात 'शे', माझ्यात 'हाये',
मध्ये तापी.
म्हणून ठरलं,
दोघांपैकी कुणाचेच नाहीत असे शब्द काढायचे.

पहिला त्याचा: टिंबुळबुळ.
समोरचा लिहितोय, थांबतोय, पुन्हा लिहितोय,
तीन टिंबं नाच नाच नाचतात
आणि येतं काय, तर 'हं'.

दुसरा माझा.
वाचल्याच्या खुणा निळ्या झाल्या
आणि माणूस गप्प:
निळेझाक.
त्या रात्री तो हसून हसून बेजार.
म्हणे, लिहून ठेव, हरवशील.
मी खरंच लिहिला,
चौदा टन केळीच्या पावतीमागे.

मग काय, सुटलोच.
रात्री एकला 'झोपली का?' विचारतो तो झोपचौकश्या.
आपण चार ओळी लिहाव्यात आणि नुसता अंगठा यावा,
तर तो अंगठेबहाद्दर. हा शब्द जुनाच,
फक्त धुऊन वाळत घातला.
कुणाचे फोटो उकरत उकरत
त्याच्या मावसबहिणीच्या हळदीपर्यंत पोचणं
म्हणजे खोदखुशाली.
आणि तिथे चुकून बोट लागून बदाम उमटला तर?
तर फोन उशीखाली, दिवा बंद, मेल्याचं सोंग.
याला शब्द नको, म्हणाला,
याला मौन पाळू.

आखाजीच्या आठवड्यात त्याच्या दुकानात
कुणी चंद्रप्रभा आली.
नवी फ्रेम, नवा फोटो, खाली ह्याचा बदाम.
गिऱ्हाईक आहे, म्हणाला.
मी म्हटलं, मला काय.
डब्यातला ठेचा तोंडात घातला
आणि तिखट भलतीकडेच लागलं.
बदामशूळ, मी पावतीमागे लिहिलं.
त्याच्या खाली: हिरवजळ.
म्हणजे नावाशेजारी हिरवा ठिपका पेटलेला
आणि आपल्यासाठी नसलेला.
दोन्ही शब्द पाठवले नाहीत.
निळेझाक केली. तीन दिवस.
त्याची टिंबुळबुळ वरून बघत राहिले,
विहिरीत बघावं तशी.

चौथ्या दिवशी उखा ड्रायव्हर, माल दिल्लीचा,
गाडी काट्यावर चढवून खिडकीतूनच कुरकुरला,
'ताई, बायको कालदिनपासून निळेझाक करी राह्यनी.'

माझा हात थांबला.
काय म्हणालास? कुठे ऐकलंस?
'अमळनेरले. चष्माना दुकानमा.
तठे समदाच म्हणतस.'

समदाच.
म्हणजे ती चंद्रप्रभाही, नव्या काचांआडून,
माझा शब्द ओठांत घोळवत.
असा राग आला, की काट्याचा पत्रा
सेहेचाळीस अंशांतही गार वाटावा.
आणि त्या रागाच्याच मागच्या सीटवर बसून
हळूच तोराही आला.
माझं एवढंसं पोर,
न विचारता तापी ओलांडून गेलं
आणि परक्या घरांत कामाला लागलं,
नवरा-बायकोच्या भांडणात सुद्धा.
या दोन्हींना मिळून काय म्हणावं?
एका शब्दात?
मी पेन उचललं.

मागून हॉर्न.
भरलेलं वजन समोर, रिकामं आधीच लिहिलेलं,
निव्वळ तेवढं काढायचं होतं.
उखा म्हणे, 'ताई, आकडा?'

मांडीवर फोन उघडाच.
अमळनेरची तीन टिंबं,
थांबत, नाचत, थांबत.

वजाबाकी केली. पावती दिली.
मागची बाजू कोरी,
तशीच दिल्लीला गेली.