साडेपाच नंबरचा हातमोजा

टुटलिंगेन, नोव्हेंबर. खिडकीखालची डॅन्यूब इतकी बारीक
की नाव ऐकून आलेला माणूस ओशाळावा.
टेबलावर खोका, खोक्याला पाच मिलिमीटरचं भोक,
आत संत्र्याची एक फोड.

डॉक्टर रोसविटा कीन्त्सले पडद्याकडे बघतात.
हात डावीकडे, टोक उजवीकडे.
भोकापाशी सगळं उलटं होतं, हे त्यांना
आता आठवावंही लागत नाही.
फोडीचा पापुद्रा सुटत येतो, कणाकणाने.
रस सांडला तर नापास.
त्या नव्हे, मी.

सातवा नमुना हा.
जबडा चारदा घासला, दाते भिंगाखाली मोजले,
पकड किती न्यूटन, दांडा किती लवतो,
सगळं वहीत आहे.

रस सांडत नाही.
मी पेनाचं टोपण काढतो. त्या हातमोजा काढतात,
साडेपाच नंबरचा,
आणि अंगठा माझ्यापुढे धरतात:
बुडाशी लाल वळ, कडीच्या मापाचा.
"ही चाळीस मिनिटं झाली," म्हणतात.
"पोटात मी तीन तास असते."

कडी मी माझ्या अंगठ्यावर बेतली होती.
माझा अंगठा वडिलांचा. ते कात्र्या करायचे,
कानाशी धरून मिटायचे, आवाजावरून धार सांगायचे.
त्यांच्याकडे कुणी बाई कात्री मागायला
आल्याचं मला आठवत नाही.

फॉर्मवर वळासाठी रकाना नाही.
समासात लिहितो: अंगठा.
मग फूटपट्टी शोधतो, आणि त्यांचा हात मागतो मापाला,
सात नमुन्यांनंतर, पहिल्यांदा.

डाव्या हाताने त्या
संत्र्याची फोड खाऊन टाकतात.