नऊ की अकरा

विल्फ सटक्लिफनं बाकावर फडकं पसरलं
आणि दोन पिनियन ठेवले शेजारी शेजारी.
एकाला नऊ दाते, एकाला अकरा.
मोठ्या चक्राला दोन्हीकडे एक्केचाळीसच.
"फरक इतकाच," म्हणाला. "पण आधी हे सांग,
तुझ्या आठवड्यात चढ किती नि सपाटी किती?"

चढच की, म्हटलं. क्रॅग व्हेलच्या माथ्यावर घर माझं.
साडेपाच मैल रस्ता श्वास घेऊ देत नाही,
मेंढ्यासुद्धा तिरक्या उभ्या राहतात.

"लिहून आण."

मग आठ दिवस वही.
तीन दिवस गूलच्या गोदीवर माझं काम,
जहाजातून उतरलेल्या लाकडाची ओल मोजायचं.
लीड्स मागं पडलं की जमीन थापल्यासारखी,
आणि तिथंच माझी एकसष्ट सालची मॉरिस मायनर
पंचावन्नच्या वेगाला धापा टाकायची,
मोठ्यांचं बोट धरून पळणाऱ्या पोरासारखी,
त्यांच्या एका पावलाला हिची तीन.

बेरीज केली. चढ सत्तावीस मैल.
सपाट तीनशेच्या वर.
पुन्हा केली.
आणि अकरा वर्षं मी इचलकरंजीला फोनवर सांगत आले होते,
इथं नुसता चढच आहे गं, मावशी.

मावशी म्हणाली, दात कोरून पोट भरतं का कुणाचं?
नाही भरत. पण मला कोरायचे नव्हते,
दोन वाढवायचे होते.

विल्फनं अकराचा बसवला.
हाताचं ग्रीस पुसत म्हणाला, "चढावर टॉप विसर.
तिसऱ्यात ये. लाजू नकोस."
पहिल्याच संध्याकाळी, चर्चच्या वळणावर,
तिसऱ्यात कण्हत असताना
सत्तरीचा एक सायकलवाला घंटी वाजवून पुढं गेला.
मागं वळून हसलाही.

सपाटीवर मात्र इंजिन बोलायचं थांबलं.
इतक्या वर्षांत प्रथमच ऐकू आलं
की मागच्या सीटखाली एक नाणं घरंगळतंय.

पंधरा दिवसांनी वही उघडली.
आधी गॅलनला अडतीस मैल.
आता छत्तीस.
तीनशे पौंड मोजून छत्तीस!
तशीच वही घेऊन विल्फच्या दारात.

तो हसला, चहा ओतला, मग सांगितलं,
"काट्याला कुठं माहीत आपण काय केलं ते?
तो अजून नऊ दात्यांच्याच हिशोबानं मोजतोय.
त्यानं शंभर म्हटलं की तू एकशे बावीस धर."

पावतीच्या पाठीवर गुणाकार.
चव्वेचाळीस, थोडं कमी.
म्हणजे पंधरा दिवस मी
वहीत लिहिलं त्याहून लांब जात होते,
आणि काटा पंचेचाळीसवर शांत बसलेला असताना
पंचावन्ननं पळत होते, न कळत.

"काटा दुरुस्त करून देऊ? ऐंशी पौंड."
राहू दे, म्हटलं. पाढे येतात मला.

डॅशबोर्डवर चिकटपट्टी आहे आता,
रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या भीतीनं लावलेली.
त्यावर माझ्या अक्षरात, मावशीच्या लोणच्याच्या मापानं:
एकाचे सव्वा, चिमूटभर कमी.