परवाचा उद्या

फुग्लॉयच्या धक्क्याला बोट लागली की
मार्युन पेपर घेते. तीन दिवसांचा;
बेटावर तोच ताजा.

मंत्री पडला. आता उठलाही असेल.
ऑक्टोपस झोपेत रंग बदलतो म्हणे,
म्हणजे त्याला स्वप्नं पडत असावीत,
असं शास्त्रज्ञ बिचकत बिचकत सांगतात.
ती समासात लिहिते :
जाग आल्यावर कुणाला सांगतो?

युद्धाच्या पानावर पेन्सिल थांबते.
तहाची बोलणी उद्या, असं छापलंय.
तो उद्या परवाच होऊन गेला.

कात्रीला लोकरीचा वास.
ऑक्टोपस कापून ती साखरेच्या डब्याच्या
झाकणाला आतून चिकटवते,
आणि उरलेल्या पेपरात
शेजारच्या हानुसला सुका मासा बांधते,
तहाची बातमी वर दिसेल अशी.
त्याच्याकडे रेडिओ आहे.