लाल खुर्ची

लग्नाच्या मांडवातून परत न गेलेली
लाल प्लास्टिकची खुर्ची,
दोन्ही अंगांना मेशीचे बांबू, सुंभानं आवळलेले.
मंडपवाल्यानं दोनदा मागितली.
तिसऱ्यांदा जनीनं त्याला बैठकीवरचा डाग दाखवला.
म्हणाला, राहू दे.

धनगरवाड्यापासून डांबरापर्यंत अडीच तास.
उतारावर बाई पुढे झुकते,
म्हणून लुगड्यानं बांधायची, पोटाच्या वर, छातीच्या खाली.
हे आम्हांला ठकूनं शिकवलं,
बांधलेली नव्हती तेव्हा.

पूर्वी फोनवर विचारायचे, गाव कुठलं?
सांगायचो.
असं गाव इथं दिसत नाही, म्हणायचे.
वाळपईच्या डेअरीला मात्र दिसायचं,
तिच्या वहीत आमच्या म्हशींचीसुद्धा नावं होती.

आणि वॉर्डात,
"रानांतल्या बायलांक चड दुखना,"
एक नर्स दुसरीला म्हणाली,
जणू कोंकणी आम्ही बाजारात फक्त बघतो.
बिजली ओरडली नाही, हे खरं.
ओरडली नाही म्हणून तिसरीची आठवी झाली.
आठवा नंबर लागला तेव्हा
बाळाला नंबर नको होता.

त्यानंतर पिएदाद मावशी आली.
त्याच वॉर्डाची फरशी तीस वर्षं पुसलेली,
कुठला डॉक्टर किती वाजता ऐकतो
हे तिच्या गुडघ्यांना पाठ.
चुलीपाशी बसून तिनं आम्हांला वाक्यं दिली:
बीपी किती? लिहून द्या.
रक्त जातंय, आत्ता बघा.
तुमचं नाव काय, सिस्टर?
जनी हे शेवटचं म्हणताना हसायची.
मावशी म्हणाली, हसू नको. हेच लागतं.

आता एकीबरोबर दोघी जातात,
एक पाठ चोळायला, एक बोलायला.
बोलणारीनं पोटभर जेवून निघायचं.

आणि कागद आला की अंगठा मुठीत.
माझ्या सासूचा अंगठा असाच गेला,
दुसऱ्या खेपेला, टाके घालता घालता.
बारा वर्षं ती तिसऱ्यासाठी नारळ फोडत होती.
कुणीतरी तिला सांगायला हवं होतं,
निदान नारळ तरी वाचले असते.

आता कागद आधी मोठ्यानं वाचायचा.
आमच्या भाषेत. मग बाई हो म्हणेल
किंवा नको.
नको म्हणाली तरी चहा तेवढाच गरम हवा.

काल सोनग्याला नेलं.
पहाटे खुर्ची रिकामी वर आली.
बाया आधी खुर्चीकडे बघत नाहीत, आणणारीच्या तोंडाकडे बघतात.
मी म्हटलं, मुलगी.
म्हटलं, दोघी.
मग कुणीतरी दूध तापवायला ठेवलं
आणि ते उतू गेलं.

दुपारी मंडपवाल्याचा फोन:
अजून एक आहे, पण पाय मोडलेली, चालेल?
म्हटलं, दे.
पाय आमचे आहेत.