सालीवरचं साल

मंगळवार आणि गुरुवार, दहा ते दोन,
मी पासपोर्टचे अर्ज घेते.
बाकी दिवस तिकिटं, पार्सलं, कोंबडीची पिल्लं,
भोकं पाडलेल्या खोक्यात सकाळभर चिवचिवणारी.
यापुढचं पोस्ट नव्वद मैलांवर,
आणि तिथली बाई वसकन अंगावर येते म्हणतात.

ग्रासियाना एचेबेरी पावणेदोनला आली,
बुटांना नेवाडाची पांढरी माती,
पाण्याची टाकी लादलेली गाडी बाहेर चालूच.
एकाहत्तराव्या वर्षी पहिला पासपोर्ट.
"आत्या आहे समुद्रापलीकडे, बापाच्या गावी.
शहाण्णव वर्षांची. अजून शेंगा सोलते.
फोनवर म्हणाली, वाट बघून मला कंटाळा आलाय."

भिंतीवरच्या चादरीपुढं तिला उभं केलं.
हसायचं नाही. चष्मा काढायचा.
चष्मा काढल्यावर तिला कॅमेराच सापडेना,
ती बघत राहिली पार्सलांच्या दरपत्रकाकडे.
चार फोटो वाया. पाचवा चालण्यासारखा.

जन्माचा पुरावा?

तिनं जाकिटाच्या खिशातून काढला
एका झाडाचा फोटो.
अ‍ॅस्पन. पांढरी साल, आणि सालीवर कोरलेलं साल:
बेत्तिरी. नेस्का. ११ जुलै १९५३.
नेस्का म्हणजे मुलगी. म्हणजे मी, ती म्हणाली.
बापानं चाकूनं ओढली तेव्हा रेघ केसाएवढी,
झाड वाढलं तशी फुगत गेली,
आता एकेका आकड्यात अंगठा मावतो.

मी नियम वाचून दाखवला. नियमात झाड नाही.
दवाखान्याचा दाखला, नाहीतर चर्चचा,
नाहीतर कुणी जाणत्यानं शपथेवर लिहून दिलेलं.
"जाणते सगळे मेले,"
पीठ संपलंय म्हणावं तशी ती म्हणाली.

तीन आठवडे आली नाही.
मग एका गुरुवारी, चर्चचा कागद.
कुणी फिरता पाद्री, एका दुपारी सहा मुलांचा बाप्तिस्मा,
शाई तपकिरी झालेली,
आणि आईनं सांगितलेली तारीख: नऊ जुलै.

काउंटरच्या दोन बाजूंनी आम्ही दोघी
त्या नवाकडे बघत राहिलो.

तिनंच जुळवलं, सावकाश.
बाप वरती, मेंढ्यांपाशी, नऊ हजार फुटांवर.
पीठ, मीठ, चिठ्ठ्या घेऊन खेचरवाला जायचा,
वाट दोन दिवसांची.
"म्हणजे मी खाली जन्मले,
आणि दोन दिवसांनी वरती."

आई गेली तेव्हा ही चार वर्षांची.
पुढचे वाढदिवस बापानं केले, झाडाच्या हिशोबानं.
"लायसन्सवर अकरा. नवऱ्याशेजारी माझा दगड
तयार करून ठेवलाय, त्याच्यावर अकरा.
इथं काय लिहू?"
मीच सरकार असल्यासारखं लोक मला विचारतात.
चर्चची लिहा, म्हटलं.
"आणि दगडाचं?"
दगड आमच्या खात्यात येत नाही.
लायसन्सचा घोळ निस्तरायला
आणखी एक अर्ज, आणखी एक सही.

मग शपथ. उजवा हात वर.
चौदा वर्षं मी लोकांचे हात वर करवतेय,
माझ्याकडे पासपोर्ट नाही. मला कुठं जायचंय?
कुंपणाच्या तारा ओढून आखडलेला तिचा हात
खांद्याच्या वर जाईना. तेवढा पुरतो.
वर लिहिलेलं सगळं खरं आहे?
"खरं आहे," ती म्हणाली.
मग जरा थांबून, "आईपुरतं."

झाडाचा फोटो पाकिटात घालता येत नव्हता.
तो काउंटरवरच राहिला,
तिनं विसरला की ठेवला, मी विचारलं नाही.
वजनकाट्याच्या काचेखाली आहे.

सात आठवड्यांनी पासपोर्ट आला.
पेटीपाशी उभ्या उभ्याच तिनं उघडला,
स्वतःकडे बघून म्हणाली, ही बाई रागावलीय कुणावर?
मग तारखेवरून अंगठा फिरवला,
एकदा, पुन्हा एकदा.
गुळगुळीत. काही लागलं नाही.
गाडी बाहेर चालूच होती.