मराठी तर्जुमा

वखारीच्या माडीवरची भिंत पांढरी, कोरी.
वलंदेजांना भिंतीवर काही चालत नाही,
ना मूर्त, ना मेणबत्ती, ना आई ना लेकरू.
गोव्याहून आलेल्या पाद्र्याची नजर
ती भिंत चाचपत राहिली बराच वेळ
आणि खिडकीपाशी थांबली,
जिथे एक गज उभा आहे, एक आडवा.
तेवढ्यावर भागवून त्याने
कपाळ, छाती, दोन्ही खांदे शिवून घेतले.
योरिस साहेबाने ते पाहिले.
खिडकी लावा, म्हणाला नाही.
मला विचाराल तर तह तेव्हाच झाला.
पुढे नुसते वाचन.

मी नागू शेणवी, दुभाषी, महिना चार होन.
हवालदारासाठी सगळे मोडीत उतरवायचे होते.
दोघांचा देव एक, त्याचा मुलगा एक,
त्या मुलाचे मरणही एकच,
आणि भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवल्यावर
त्या तुकड्याचे काय होते
यावरून तिकडे शहरेच्या शहरे जाळली,
हे कसे लिहू?
बोरू तीनदा तासला.
शेवटी लिहिले, ‘उभयतांत पूर्वापार कज्जा होता.’
हवालदाराने मान डोलावली.
जमिनीचा असणार.

मग ते कलम आले.
तह विलायतेत सहीच्या दिवसापासून,
मध्यरेषेच्या अलीकडे, आमच्या पाण्यात,
एक वर्ष उलटल्यावर.
मी दोनदा विचारले, वर्ष?
जहाजाला वेळ लागतो, योरिस म्हणाला
आणि पेल्यात लिंबू पिळले.

खाली जिन्याशी आवडू गाबतीण बसली होती,
पाटी उपडी घालून.
‘शेणया, सही खंयच्या म्हयन्यातली?’
गेल्या सालच्या जेठातली, म्हटले.
तिने अंगठा पेरांवरून सरकवत नेला,
जेठ, आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन.
पुढच्या पेरावर अंगठा दाबून धरला.
‘माझो रवळू कार्तिकात गेलो.
तेवा तह झाललो, काय नाय?
सातेरीची आण हा तुका, खरा सांग.’

रवळू. सतरा वर्षांचा.
आग्वादसमोर नांगरलेल्या वलंदेजी गलबतांना
गोडे पाणी पोचवायचा.
लढाईत नव्हताच तो, पिंपांवर बसला होता.
गोळा फिरंग्यांचा, पाणी वेंगुर्ल्याचे.
दोन पिंपे तरंगत परत आली,
बुचे घट्ट, आत पाणी तसेच.
शब्दांच्या धंद्यात माणूस वेडा होतो :
तेव्हापासून कुणी ‘तह’ म्हणू लागले
की मला पुढचे अक्षर ऐकू येते,
तहान.

झालेला, मी म्हटले. आणि नव्हताही.
ती माझ्याकडे बघत राहिली,
नासका मासा विकणाऱ्याकडे बघावे तशी.

रात्री शुद्ध प्रत केली.
सगळी कलमे जशीच्या तशी, काना मात्रा न चुकवता.
खाली साक्षीदार : दोन कप्तान, एक पाद्री,
वखारीचा कारकून, हवालदाराचा जमादार.
जमादाराच्या खाली बोटभर जागा होती.
तिथे लिहिले,
रवळू बिन भागो गाबीत, कसबे वेंगुर्ले, साक्ष.

सकाळी योरिसने त्या ओळीवर नख ठेवले.
हे काय?
देशचा रिवाज, मी म्हणालो.
आयुष्यात पहिल्यांदा खोटा तर्जुमा केला,
हात कापला नाही.
लाख संपली होती. पाद्र्याने झोळीतून
आपली मेणबत्ती काढली, वितळवली,
तिचेच मेण दोघांनी वापरले.
एक शिक्का कलला आणि रवळूच्या नावावर
त्याचा ओघळ आला, ‘बिन’पर्यंत.

आवडूला सांगितले नाही.
विचारील, मगे आता काय?
याचे उत्तर मला कुठल्याच भाषेत येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती बांगडे घेऊन आली.
पाद्र्याला ज्या भावाने, योरिसलाही त्याच भावाने,
घासाघीस दोघांनीही केली.
माझ्या वाट्यात तिने एक जास्तीचा टाकला,
शेपूट तुटलेला.
पैसे पुढे केले तर
पाटी उचलून चालू लागली.